अमेरिकेतला घटस्फोट: कुठल्या राज्यात, कसा, आणि तो भारतात चालतो का?

निशिगंध_एनजे

दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणी ना कुणी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारतं, "अमेरिकेत डिव्होर्सचा कायदा काय आहे?" दर वेळी तेच टंकण्यापेक्षा एकदाचा धागा काढते. मी न्यू जर्सीत कौटुंबिक खटले चालवणाऱ्या एका वकीलबाईंकडे पॅरालीगल आहे. अर्ज भरते, फायली लावते, तारखा सांभाळते. वकील नाही. इथे वाचून वकिलाची फी वाचवायला जाऊ नका. वकिलाकडे जाताना काय विचारायचं, तेवढं इथून घेऊन जा.

मुळात अमेरिकेचा म्हणून घटस्फोटाचा कायदाच नाही. लग्न, घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा हे सगळं राज्यांच्या अखत्यारीत. आपल्याकडे धर्मागणिक कायदा वेगळा, इथे राज्यागणिक. लग्न सांगलीच्या मंगल कार्यालयात लागलं की लास व्हेगासला, याच्याशी कोर्टाला घेणंदेणं नाही. अर्ज करणारा त्या राज्याचा रहिवासी आहे का, एवढंच बघतात. त्याला ग्रीन कार्ड लागत नाही. एच-१ (नोकरीचा व्हिसा), एच-४ (एच-१ वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वरचे लोकही सर्रास अर्ज करतात.

रहिवासाची अट मात्र राज्यागणिक बदलते. न्यू जर्सीत १ वर्ष (कारण व्यभिचाराचं असेल तर ही वर्षाची अट नाही). कॅलिफोर्नियात राज्यात ६ महिने आणि काउंटीत ३ महिने. टेक्सासात राज्यात ६ महिने, काउंटीत ९० दिवस. न्यू यॉर्कमध्ये परिस्थितीनुसार १ किंवा २ वर्षं. वॉशिंग्टन राज्यात ठरावीक मुदत नाही, अर्ज करताना तिथले रहिवासी असलात की झालं. नेव्हाडात फक्त ६ आठवडे, म्हणून जुन्या काळी लोक रीनोला जाऊन राहायचे.

कारण द्यावं लागतं का? "पटत नाही" एवढं कारण आता सगळ्या राज्यांत चालतं. १९७० साली कॅलिफोर्नियाने सुरुवात केली आणि न्यू यॉर्क सगळ्यात शेवटी, २०१० मध्ये आलं. न्यू जर्सीत ६ महिने मतभेद आहेत आणि जुळण्याची आशा नाही, असं प्रतिज्ञेवर लिहायचं. नॉर्थ कॅरोलिनात मात्र आधी पूर्ण वर्षभर वेगळ्या छपराखाली राहावं लागतं. एकाच घरात वेगळ्या खोल्या चालत नाहीत.

आमच्याकडची पद्धत सांगते. सुपीरियर कोर्टाच्या फॅमिली पार्टमध्ये कम्प्लेंट दाखल करायची, फी ३०० डॉलर, मुलं असतील तर पालक-वर्गाचे आणखी २५. सोबत विमा कुठकुठले आहेत त्याचं प्रमाणपत्र जोडायचं. हे बऱ्याच जणांचं राहतं आणि अर्ज परत येतो. मग समोरच्यावर बजावणी. त्याला उत्तर द्यायला ३५ दिवस. भांडण असेल तर त्यानंतर दोघांनी 'केस इन्फर्मेशन स्टेटमेंट' भरायचं. या कागदावर लोकांना खरा घाम फुटतो. किराणा, गाडीचा हप्ता, मुलांचे क्लास, देशात आईवडिलांना पाठवलेले पैसे, सगळा महिन्याचा खर्च ओळीओळीने लिहायचा, वर पगाराच्या चिठ्ठ्या आणि टॅक्स रिटर्न जोडायचे. एक जण म्हणाले, "लग्न टिकवायला एवढा हिशेब ठेवला असता तर!" मी काय बोलणार, स्टेपलर पुढे केला.

पुढे मुलांसाठी मध्यस्थी, पैशांसाठी अर्ली सेटलमेंट पॅनल. तिथे अनुभवी वकील दोन्ही बाजू ऐकून सांगतात की न्यायाधीश साधारण काय देतील. बहुतेक प्रकरणं तिथे किंवा त्यानंतरच्या मध्यस्थीत मिटतात. शेवटची सुनावणी, सगळं ठरलेलं असेल तर, पंधरा-वीस मिनिटांची. न्यायाधीश विचारतात: करार वाचला का, समजला का, कुणी दबाव टाकला का, तुमच्या मते तो न्याय्य आहे का. हो, हो, नाही, हो. संपलं.

प्रश्न विचारा. नावं-गावं लिहू नका.

डोंबिवली_फास्ट_नाही

उत्तम धागा. माझ्या चुलत बहिणीचं विचारतो. दोघं फ्रिस्को, टेक्सासला. लग्नाला ७ वर्षं, मुलगा ४ वर्षांचा. भावोजी नोकरी बदलून सिएटलला गेलेत, ती आणि मुलगा फ्रिस्कोतच. आता ते म्हणतात, "मी इथे फाइल करतो, तू फक्त सही कर." तिने काय करावं?

निशिगंध_एनजे

सही तर अजिबात करू नये. निदान दोन्हीकडच्या वकिलांशी बोलल्याशिवाय नाही.

सिएटल वॉशिंग्टन राज्यात येतं, त्यामुळे भावोजींना तिथे अर्ज करता येईल, ते आता तिथले रहिवासी आहेत. लग्न मोडण्यापुरता हुकूमनामाही मिळेल. पण मुलाचा ताबा वेगळ्या कायद्याने ठरतो. मूल दाव्याआधीचे सलग ६ महिने जिथे राहिलं ते त्याचं 'होम स्टेट'. मॅसॅच्युसेट्स सोडून सगळ्या राज्यांनी हा कायदा स्वीकारलाय. मुलगा फ्रिस्कोत, तेव्हा ताबा टेक्सासचंच कोर्ट ठरवणार. आणि जिचा वॉशिंग्टनशी काही संबंध नाही अशा बाईवर तिथल्या कोर्टाला पैशांचे हुकूम सोडणंही सोपं नाही. तिने तिथे सही करून हजेरी लावली की ती अडचण भावोजींची सुटते. "फक्त सही" मागतात ती यासाठी.

आता उलटी बाजू. टेक्सास पोटगीच्या बाबतीत फार कंजूष. कोर्टाने द्यायच्या पोटगीसाठी साधारणपणे लग्नाला १० वर्षं झालेली लागतात. नाहीतर घरात हिंसाचार किंवा अपंगत्व असं कारण लागतं. मिळाली तरी महिना ५,००० डॉलर किंवा नवऱ्याच्या ढोबळ उत्पन्नाच्या २० टक्के, यातलं जे कमी ते. सात वर्षांच्या लग्नात तिला तिथे पोटगी जवळपास नाहीच. वॉशिंग्टनमध्ये हे न्यायाधीशांच्या मर्जीवर आहे, अशी पक्की भिंत नाही. म्हणजे मुलासाठी टेक्सास सोयीचं आणि पोटगीसाठी कदाचित वॉशिंग्टन. हा हिशेब कागदावर मांडून मगच ठरवायचं. दोन्ही राज्यं सामायिक मालमत्तेची आहेत, म्हणजे लग्नानंतर कमावलेलं दोघांचं धरतात, पण कुठेही काटेकोर निम्मं-निम्मं मिळेल असं धरून चालू नका. टेक्सासात न्यायाधीश 'न्याय्य आणि योग्य' वाटणी करतात.

सनातन_विचार

धागा वाचून वाईट वाटले. हल्ली तडजोड म्हणून काही राहिलेच नाही. आमच्या आजीने

फ्रिमाँटची_मावशी

काका, तुमच्या आजींचं वेगळ्या धाग्यावर लिहा, तिथे येऊन वाचेन. इथे लोक मदत मागताहेत.

मी कॅलिफोर्नियाचं सांगते, माझा स्वतःचा झालाय. बऱ्यापैकी सामोपचाराने झाला, म्हणून वकील फक्त करार तपासायला लावला. अर्ज एफएल-१००, समन्स एफएल-११०, मुलं असतील तर एफएल-१०५. फी ४३५ ते ४५० डॉलर, परवडत नसेल तर माफीचा अर्ज असतो. प्रत्येक काउंटी कोर्टात सेल्फ-हेल्प सेंटर असतं आणि तिथली माणसं खरंच बसून फॉर्म तपासून देतात. आपण स्वतः समन्स हातात द्यायचं नाही, अठरा वर्षांवरच्या तिसऱ्या माणसाने द्यायचं. माझ्या मैत्रिणीने दिलं, डोशाच्या दुकानात, त्याला आधी सांगूनच. बजावणीपासून ६ महिने व्हायच्या आत लग्न संपत नाही, तुम्ही कितीही गळ्यात गळे घालून अर्ज केला तरी.

कसोटी असते ती एफएल-१४२ ची. जगात कुठेही असलेली सगळी मालमत्ता आणि सगळी कर्जं लिहायची. पुण्यातला फ्लॅट, पीपीएफ, आईबरोबरची जॉइंट एफडी, लॉकरमधलं सोनं, सगळं. "ते भारतातलं आहे, इथे कशाला सांगायचं" हे मी इतक्या घरांत ऐकलंय! लपवलेलं पुढे सापडलं तर कोर्ट ती अख्खी वस्तू दुसऱ्याला देऊ शकतं.

लग्नात माहेरहून आलेलं किंवा सासरच्यांनी तुम्हाला म्हणून घातलेलं सोनं इथे भेट धरली जाते, म्हणजे तुमची स्वतंत्र मालमत्ता. पण ते तुम्हाला दाखवून द्यावं लागतं. लग्नाचा अल्बम काढा. बिलं नसली तरी फोटोत कुठला दागिना कुठल्या विधीला अंगावर होता ते दिसतं. मी पाटल्या आणि तन्मणी असाच दाखवला.

नवऱ्याच्या ४०१(के) मधला (नोकरीतल्या निवृत्ती निधीतला) वाटा हवा असेल तर नुसता करार पुरत नाही. क्यूडीआरओ नावाचा वेगळा हुकूम लागतो, तो घटस्फोटाबरोबरच काढून घ्या. नंतर आठवण करून देत बसावं लागतं.

अळूवडी

मावशी, पुण्यातल्या फ्लॅटचं नेमकं काय होतं? कॅलिफोर्नियाच्या जजने लिहिलं की फ्लॅट बायकोला, तर सोसायटी ऐकते?

फ्रिमाँटची_मावशी

सोसायटी? आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पार्किंगचं ऐकत नाहीत. आम्ही फ्लॅट त्याच्याकडे ठेवून तेवढी रक्कम मी इथल्या घरातून वळती करून घेतली. नेमकं कायद्याचं वकिलांनी सांगावं.

काळा_कोट

पुण्यात कौटुंबिक न्यायालयात वकिली करतो, म्हणून लिहितो.

परदेशी न्यायालय भारतातल्या जागेची मालकी थेट बदलू शकत नाही. फार तर 'अमुक कागदावर सही कर' असा त्या माणसाला हुकूम देऊ शकतं. जागा नावावर व्हायला इथे नोंदणीकृत दस्तच लागतो. समझोता झाला असेल तर तो दस्त घटस्फोटाच्या आधी करा. महाराष्ट्रात राहती जागा पती-पत्नीने एकमेकांना बक्षीसपत्राने दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, स्थानिक अधिभार वेगळा. हुकूमनामा झाल्यावर तुम्ही पती-पत्नी नसता, मग पूर्ण शुल्क. गृहकर्ज असेल तर बँकेची ना हरकत. येणं जमत नसेल तर मुखत्यारपत्र करून पाठवा आणि ते भारतात आल्यापासून ३ महिन्यांत इथे मुद्रांकित करून घ्या. ही मुदत फार जण चुकवतात.

आता धाग्याच्या शीर्षकातला शेवटचा प्रश्न. अमेरिकन हुकूमनामा भारतात आपोआप चालत नाही. कायद्याच्या भाषेत अमेरिका हा 'परस्पर प्रदेश' नाही, म्हणजे जिथले हुकूम इथे थेट अंमलात आणता येतात अशा देशांत ती नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ च्या कसोट्या लागतात, आणि घटस्फोटापुरतं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी निकालात सांगून ठेवलंय. लग्न तिरुपतीला झालेलं, घटस्फोट नवऱ्याने मिसूरीत मिळवलेला. न्यायालय म्हणालं, लग्न ज्या कायद्याखाली झालं त्या कायद्याप्रमाणे अधिकार असलेल्या कोर्टाने, त्याच कायद्यातल्या कारणावरून दिलेला हुकूमनामा आम्ही मानू. याला अपवाद आहेत. समोरचा त्या देशात कायम राहत असेल आणि कारण आपल्या कायद्यातलं असेल. किंवा तो स्वेच्छेने तिथे हजर होऊन आपल्या कायद्यातल्या कारणावर लढला असेल. किंवा त्याने घटस्फोटाला संमती दिली असेल.

हिंदू विवाह कायद्यात 'आता जुळत नाही' हे कारणच नाही. म्हणून न्यू जर्सीत 'मतभेद' या कारणावर, बायको सांगलीला असताना एकतर्फी आणलेला कागद इथे टिकत नाही. तिकडे घटस्फोटित आणि इकडे विवाहित! अशा नवऱ्याने इथे येऊन दुसरं लग्न केलं तर द्विविवाहाचा गुन्हा, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८२.

म्हणून दोघांचं जमत असेल तर करारात स्पष्ट लिहा: दोघांनी या न्यायालयाचा अधिकार स्वखुशीने मान्य केला आहे आणि घटस्फोटाला दोघांची संमती आहे. दोघांच्या सह्या, दोघांची हजेरी. एवढ्या दोन ओळींनी पुढची कित्येक वर्षं वाचतात. माझ्याकडे येणारी निम्मी एनआरआय प्रकरणं या दोन ओळी नसल्यामुळे येतात, असं मी जरा चढवून म्हणेन.

परतीचा_पाऊस

खूप दिवस वाचनमात्र होते, आज लिहिते. माझ्या मैत्रिणीला नवऱ्याने "आईबाबांना भेटून ये" म्हणून मुलीसह भारतात पाठवलं आणि परतीचं तिकीट रद्द केलं. आता त्याच्या न्यू जर्सीतल्या वकिलाकडून ईमेलवर आणि कुरियरने कागद आलेत. ती नाशिकला माहेरी आहे. एच-४ वर होती. घरचे म्हणतात, "उत्तरच देऊ नकोस, आपोआप रद्द होईल."

निशिगंध_एनजे

आपोआप रद्द काही होत नाही. उत्तर नाही आलं तर नवरा डिफॉल्ट मागतो आणि एकतर्फी निकाल होतो. भारतात तो टिको न टिको, तिकडे तो लागू होतो. तिचा एच-४ जातो, मुलीबद्दल हुकूम होऊ शकतो.

पण घाईने सविस्तर उत्तरही देऊ नये. काळा_कोट यांनी सांगितलं तसं, हजर होऊन मुद्द्यांवर लढलं की भारतात तो निकाल मानला जाण्याची वाट मोकळी होऊ शकते. आधी न्यू जर्सीतल्या वकिलामार्फत फक्त बजावणीला आणि अधिकाराला हरकत घेता येते. बजावणीचा मुद्दा तिच्या बाजूचा आहे. भारत परदेशी कोर्टाचे कागद बजावण्याबद्दलच्या हेग करारात आहे आणि टपालाने थेट बजावणीला भारताने हरकत नोंदवली आहे. कागद दिल्लीला विधी व न्याय मंत्रालयामार्फत यायला हवेत. कुरियर त्यात बसत नाही. लिफाफा मात्र फेकू नका, वरची तारीख दिसेल असा फोटो काढून ठेवा.

मुलीचं सगळ्यात महत्त्वाचं. भारतात येऊन ६ महिने झालेले नसतील आणि बाप न्यू जर्सीतच असेल, तर होम स्टेट अजून न्यू जर्सीच. भारत मुलांच्या अपहरणाबद्दलच्या हेग करारात नाही, म्हणून नवऱ्याचे वकील उलट "तिनेच मुलीला पळवून नेलं" असं मांडतात. तिकीट कुणी काढलं, रद्द कुणी केलं, त्याचे ईमेल आणि व्हॉट्सॲप मेसेज आजच्या आज जपून ठेवायला सांगा. "सुट्टीला जा, मी नंतर येतो" असा एक मेसेज कधीकधी अख्ख्या शपथपत्रापेक्षा जड असतो.

एडिसनजवळ असणाऱ्यांना 'मानवी' ही संस्था माहीत असेल, १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते. बे एरियात 'मैत्री' आहे. परदेशात अडकलेल्यांशीही बोलतात.

काळा_कोट

तिने नाशिकला नुसतं वाट बघत बसायची गरज नाही. २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नी स्वतः जिथे राहते तिथे हिंदू विवाह कायद्याखाली अर्ज करू शकते. नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात तिचा अर्ज चालेल. सोबत २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली किंवा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (आधीचं १२५) पोटगी. नवऱ्याला तिथला दावा पुढे नेण्यापासून रोखणारा मनाई हुकूमही मागता येतो. मिळेलच असं नाही, पण मागायला उशीर करू नये.

परतीचा_पाऊस

दोघांचेही आभार. आजच तिला हे वाचून दाखवलं. लिफाफा सापडला, रद्दीत गेला नव्हता.

बे_एके_बे

एच-४ वाल्यांसाठी आणखी कुणीतरी लिहा ना. हुकूमनाम्याच्या दिवशीच देश सोडावा लागतो का?

निशिगंध_एनजे

एच-४ नवऱ्याच्या किंवा बायकोच्या व्हिसावर टांगलेला असतो. घटस्फोट अंतिम झाला की तो संपतो, एच-४ ची वर्क परमिटही. नुसता अर्ज दाखल केल्याने किंवा वेगळं राहिल्याने संपत नाही. म्हणून हुकूमनाम्याच्या आधीच एफ-१ (विद्यार्थी), स्वतःचा एच-१ किंवा तात्पुरता बी-२ (पर्यटक) यासाठी स्टेटस बदलाचा अर्ज करायचा. तारीख थोडी पुढे घेण्याबद्दल समोरच्याशी बोलता येतं. छळ झाला असेल तर एच-४ वरच्या जोडीदारासाठी वर्क परमिटचा वेगळा अर्ज आहे, आय-७६५व्ही. ज्यांना दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड आहे त्यांनी घाबरू नये. ती शर्त काढायचा अर्ज, आय-७५१, घटस्फोटानंतर एकट्याने भरायची सोय आहे, लग्न खरं होतं हे दाखवावं लागतं. नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्या जोडीदाराने तुमच्यासाठी आय-८६४ (आर्थिक आधाराचं हमीपत्र) भरला असेल तर त्याची आर्थिक जबाबदारी घटस्फोटाने संपत नाही. हे वकिलाला आठवणीने सांगा.

आरोग्य विमा: नोकरीतून मिळालेला विमा बंद झाला तर कोब्रा नावाच्या कायद्याने ३६ महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो. महाग पडतो, पण मधल्या काळाला उपयोगी.

डोंबिवली_फास्ट_नाही

बहिणीने काल फ्रिस्कोत वकील गाठला. तिला एक विचारायचंय. दोघं तयार झाले तर भारतातच परस्पर संमतीने केलं तर?

काळा_कोट

चालेल, आणि भारतापुरता सगळ्यात सुटसुटीत मार्ग तोच. हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ब. एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं. पहिल्या आणि दुसऱ्या अर्जाच्या मधले ६ महिने २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर माफ होऊ शकतात, पण त्यासाठी वेगळा अर्ज आणि सबळ कारण. लग्न जिथे लागलं किंवा दोघं शेवटचं एकत्र जिथे राहिले त्या गावच्या कोर्टात. हल्ली हजेरी व्हिडिओवर मिळते, पण ती न्यायाधीशांच्या परवानगीने, गृहीत धरू नये. त्यांच्या बाबतीत एकच अडचण: चार वर्षांच्या मुलाचं सगळं टेक्सासात. त्याच्या ताब्याचा आणि खर्चाचा हुकूम तिथल्याच कोर्टाकडून घेतलेला बरा. शाळा, डॉक्टर, पासपोर्ट, सगळीकडे तोच विचारतात.

अळूवडी

आणि अमेरिकेत झालेला असेल तर भारतात नोंदवायचा कसा? माझ्या मामेभावाला पुन्हा लग्न करायचंय. रजिस्ट्रार ऑफिसात "हा कागद आम्हाला कळत नाही" म्हणाले.

निशिगंध_एनजे

माझ्या बाजूचं सांगते, पुढचं काळा_कोट सांगतील. साधी झेरॉक्स चालत नाही. न्यू जर्सीत सुपीरियर कोर्टाकडून शिक्क्याची प्रमाणित प्रत मागवायची आणि त्यावर राज्याच्या ट्रेझरी विभागाकडून अपॉस्टिल (परदेशात कागद खरा मानला जावा म्हणूनचं प्रमाणपत्र) करून घ्यायचं. कॅलिफोर्नियात ते काम सेक्रेटरी ऑफ स्टेट करतात. भारत २००५ पासून अपॉस्टिल करारात आहे, त्यामुळे त्यावर पुन्हा वकिलातीचा शिक्का लागत नाही. दोन-तीन प्रती एकदमच काढा. जुन्या फायली मागवायला वेळ लागतो. करारही सोबत जोडा, नुसता हुकूमनामा नको, कारण संमती करारात लिहिलेली असते.

काळा_कोट

बरोबर. ती प्रत आणि करार हातात असेल, दोघांची संमती स्पष्ट असेल, तर बऱ्याच ठिकाणी काम होतं. रजिस्ट्रार अडून बसलाच तर कौटुंबिक न्यायालयात 'हा विवाह संपुष्टात आला आहे' असं जाहीर करून मागणारा दावा करायचा. आधीच्या पत्नीने तिथे येऊन किंवा वकिलामार्फत हरकत नाही म्हटलं तर तो फार लांबत नाही. मामेभावाला सांगा, हॉल बुक करायच्या आधी हे उरका. आणि हुकूमनामा एकतर्फी असेल तर मला व्यनि करा, मग प्रकरण वेगळं आहे.